मोजडीची आमरी आणि रानातले धन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला लोणची-मुरंबे आणि भरतकाम यांवर पुष्कळ बोलून झाले आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला फुलझाडांवर बोलण्याची आज्ञा केली. बाग हा मोठा विषय. म्हणून मी माझ्या ओसरीतल्या एकाच झाडाविषयी बोलणार आहे, आणि ते झाड आणावे कुठून याविषयी थोडे अधिक.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. तिच्यातला एक गट स्लिपर ऑर्किडचा. याच्या फुलाची एक पाकळी मोजडीच्या टोकासारखी, पिशवीच्या आकाराची असते. म्हणून मी हिला मोजडीची आमरी म्हणते. बाई मोठी चतुर! किडा पिशवीत घसरला की आल्या वाटेने त्याला परतता येत नाही. मागच्या अरुंद वाटेने निघताना पराग त्याच्या अंगाला चिकटतो. एवढे काम करून घेते, पण मधाचा थेंबही देत नाही.

आपल्या वऱ्हाडात वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तिथे ही नाजूक बाई नांदायची कशी? ही झाडाच्या सावलीत, पालापाचोळ्यात वाढणारी. आपली काळी माती तिला मुळीच सोसत नाही, मुळे कुजतात. कुंडीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचा काथ्या घालावा. कुंडी उत्तरेच्या ओसरीत, ओल्या वाळूच्या परातीवर ठेवावी. पाणी सकाळी द्यावे, पण पानांच्या पोंग्यात साचू देऊ नये. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला आणि अमरावतीकडच्या कितीतरी गावांत, विहिरीचे पाणी खारट असते. त्याने पानांची टोके करपतात. पावसाचे पाणी रांजणात धरून ठेवावे. तेच हिला मानवते.

आता आणावी कुठून? आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते आणि त्यात अंकुरापुरताही अन्नाचा साठा नसतो. रानात एक बुरशी त्याला भरवते, तेव्हा ते रुजते. 1922 साली लुईस नड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या बरणीत हे बी बुरशीवाचून रुजवून दाखवले. तेव्हापासून रोपवाटिकेत बीपासून आमरी वाढवता येते. मात्र फूल यायला काही वर्षे जातात, म्हणून रोप महाग पडते. माझी तिन्ही रोपे अशीच, संकरित जातीची आणि पावतीसह घेतलेली आहेत. कुणी रस्त्यावर स्वस्तात देऊ लागला, तर ते कुठून उपटले हे आधी विचारावे.

दक्षिणेत अगस्त्यमलैच्या डोंगरात पिवळ्या फुलाची एक मोजडी आहे. दक्षिण भारतातली या गटातली तीच एक जात. शौकिनांसाठी ती इतकी उपटली गेली की आज ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिचे रूपच तिचा वैरी ठरले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली सुधारणा झाली आणि रानातल्या या मोजड्या तोडणे, बाळगणे व विकणे यांवर बंदी आली.

तुम्ही म्हणाल, अगस्त्यमलै दूर आहे. खरे आहे, आपल्या मेळघाटात मोजडी नाही. पण आंब्या-मोहाच्या खोडावर वांदा नावाची आमरी आहे. तपकिरी चौकटीचे, जांभळ्या ओठाचे सुगंधी फूल. पुष्कळजणी तिला बांडगूळ समजतात. ते चूक आहे. ती झाडाचा आधार तेवढा घेते, रस शोषत नाही. चिखलदऱ्याच्या सहलीहून परतताना कुणाच्या तरी पिशवीत ती असतेच. सालीला घट्ट बिलगलेली मुळे ओरबाडली गेल्यावर ती घरी क्वचितच जगते. अभयारण्यातून तर पडलेली फांदीही उचलू नये, तसा कायदाच आहे.

"एका रोपाने जंगल का उजाड होणार?" असे माझी एक मैत्रीण विचारते. एकीने आणले तर नाही होणार. पण बसमध्ये आपण चाळीसजणी असतो, आणि मोसमात अशा बसगाड्या कितीतरी येतात.

सफेद मुसळीचेही असेच झाले. 1955 साली सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि बोरिवलीवरून तिला नाव दिले. पुढे औषधासाठी मागणी वाढली आणि रानातले कंद खणले जाऊ लागले. पाने वाळून बी पडेपर्यंत थांबले आणि कंदाचा डोळा परत मातीत ठेवला, तर ती पुन्हा येते. घाईने सगळेच उपसले तर काय उरणार? खणणारा पोटासाठी खणतो, त्याला मी दोष देत नाही. मागणी आपली असते, आणि ती आपल्याला आवरता येते. आता मुसळी शेतात पिकते. घ्यायची तर ती घ्यावी.

वांद्याची हौस असेल तर एक वाट आहे. वावराच्या धुऱ्यावरचा आपला आंबा वादळात पडला, तर त्यावरचा वांदा वाळू देऊ नये. सालीच्या तुकड्यासकट काढून परसातल्या झाडाला सुती दोऱ्याने बांधावा. झाड दुसऱ्याचे असेल तर आधी मालकाला विचारावे.

श्रावणात मंडळाची सहल चिखलदऱ्याला जायची आहे. माझी सूचना अशी की, त्या दिवशी एकीनेही रोप आणू नये आणि विकतही घेऊ नये. फुले डोळे भरून पाहावीत. माझ्या मोजडीचा गड्डा यंदा भरला आहे. फूल ओसरल्यावर त्याचे दोन-तीन फुटव्यांचे भाग करीन. ज्यांना हवे असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. रांजणाची तयारी मात्र आधी करावी!