रोग टाळा, म्हणजे औषध टिकेल
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची कार्यवाहांची आज्ञा मी शिरोधार्य मानली आहे. मी वैद्यकाचा व्यवसाय करणारा मनुष्य. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. म्हणून एकच गोष्ट सांगतो : जो रोग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही, आणि विनाकारण न वापरलेले औषध दीर्घकाळ गुणकारी राहते.

विषमज्वराचे उदाहरण घ्या. आपल्या पणजोबांच्या काळी घरात मुदतीचा ताप शिरला, की माणसे देव पाण्यात घालून बसत. १९४८ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध आले आणि थोड्या दिवसांत ताप उतरू लागला. परंतु १९७२ साली केरळातील कालिकत येथे या औषधास दाद न देणारा विषमज्वर साथीच्या रूपाने प्रकटला. पुढे नवी औषधे आली. त्यांचीही धार हळूहळू बोथट झाली. २०१६ पासून पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबादेत जी साथ पसरली, तिच्या जंतूंवर तोंडाने घ्यावयाच्या नेहमीच्या औषधांपैकी ॲझिथ्रोमायसिन हे एकच लागू पडत होते.

असे का होते? पुष्कळ जण म्हणतात, ‘शरीराला औषधाची सवय होते.’ वस्तुतः बदल होतो तो जंतूंत. असंख्य जंतूंपैकी काही मूळचेच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात, वाढतात आणि आपला चिवटपणा इतर जंतूंनाही देऊ शकतात. म्हणून प्रतिजैविकाच्या प्रत्येक वापराची थोडीफार किंमत असते. प्राण वाचवण्यासाठी ती अवश्य मोजावी. निष्काळजीपणापायी मोजू नये.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या फडताळात उरलेल्या गोळ्यांचा एक डबा असे. मुलांना पडसे झाले, की त्यातील दोन गोळ्या दिल्या जात. पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही, हे ठाऊक असूनही मी गप्प राहिलो. पुढे घरात लग्न निघाले. पंगती उत्तम झाल्या. मात्र पाण्याच्या पिंपात हात बुडवून पेले भरले जात होते. दोन दिवसांत चौदा माणसे जुलाबाने आडवी झाली आणि तो डबा सर्वांपुढे फिरला. त्यांतील बहुतेकांना मीठ-साखरेचे पाणी व विश्रांती पुरेशी होती. पिंपाला तोटी असती आणि वाढप्यांचे हात साबणाने धुतलेले असते, तर कदाचित ना जुलाब झाले असते, ना गोळ्या वाया गेल्या असत्या. यात दोष माझाच होता.

लसीचे महत्त्वही असेच आहे. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना विषमज्वराची नवी लस देण्याची मोहीम हाती घेतली. पाकिस्ताननेही २०१९ पासून ही लस बालकांच्या नित्य लसीकरणात घेतली. लस घेतलेल्या मुलाला ताप आला नाही, म्हणजे औषधाची एक मात्रा वाचली आणि जंतूला चिवट होण्याची एक संधी हुकली.

मंडळास माझी नम्र विनंती अशी : आपल्या कार्यालयात हात धुण्याच्या जागी साबण सदैव असावा. कार्यात पिण्याचे पाणी शुद्ध केलेले, झाकलेले आणि तोटीच्या भांड्यात असावे. ज्याला जुलाब होत आहेत, त्याने, तो कितीही जवळचा आप्त असो, वाढावयास उभे राहू नये. मुलांच्या लसी वेळेवर द्याव्यात. आणि ज्या पाकिटावर तांबडी रेघ आहे, ते औषध वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, उरलेले कोणास देऊ नये.

पूर्वजांनी आपल्यासाठी विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या. गुण देणारी औषधे हीदेखील पुढील पिढीची ठेव आहे. ती आपल्या हातून उधळली जाऊ नये, एवढी प्रार्थना करून आपली रजा घेतो.