खेळ कोणाचा, मैदान कोणाचे?

(साक्षरता वर्गातील प्रौढ विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागलात. पाटी ठेवून पुस्तक हाती घेतलंत. सही येते, जोडाक्षरं येतात, बेरीज-वजाबाकी येते. आज आम्ही तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहोत. ती आहे फुटबॉलची. कोणी म्हणेल, "मास्तर, दिवसभर रानात राबायचं आणि रात्री फुटबॉल काय ऐकायचा?" जरा दम धरा. गोष्ट चेंडूची असली तरी तिच्यात तिकिटाचा दर आहे, मजुरीचा हिशेब आहे आणि गरिबाच्या मानाचा प्रश्न आहे.

इंग्लंडात लिव्हरपूल नावाचं शहर आहे. समुद्राकाठचं मोठं बंदर. या शहराशी आपलंही जुनं नातं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. तेव्हा आपल्याकडचा कापूस मुंबईच्या बंदरातून जहाजांत भरून लिव्हरपूलला जाऊ लागला. कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. आपल्या शेतकऱ्याच्या कापसाच्या गाठी तिथल्या गोदीतल्या हमालांनी पाठीवर घेतल्या. त्या हमालांची, गिरणीकामगारांची, कारागिरांची करमणूक म्हणजे फुटबॉल. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी. दुपारी हातपाय धुवायचे, खिशात चार नाणी टाकायची आणि सामन्याला जायचं.

लिव्हरपूल क्लबचं मैदान म्हणजे अॅनफिल्ड. तिथं पूर्वी एव्हर्टन नावाचा दुसरा क्लब खेळत असे. जागेच्या भाड्यावरून भांडण झालं. एव्हर्टनवाले मैदान सोडून गेले आणि मागं राहिलेल्यांनी १८९२ साली लिव्हरपूल क्लब काढला. म्हणजे बघा, या क्लबचा जन्मच मुळी पैशाच्या वादातून झाला!

अॅनफिल्डच्या एका टोकाला मातीचा भराव घालून १९०६ साली प्रेक्षकांसाठी उंच उतरण केली. तिला नाव पडलं स्पियन कॉप. हे नाव आफ्रिकेतल्या एका टेकडीचं. १९०० सालच्या जानेवारीत तिथं मोठी लढाई झाली. लिव्हरपूलकडचे पुष्कळ शिपाई तिथं पडले. त्या लढाईत जखमींना डोलीत घालून वाहून नेणारं हिंदी लोकांचं एक पथक होतं. त्या पथकात मोहनदास करमचंद गांधी होते. हो, आपले महात्माजी! मेलेल्या मुलांची आठवण म्हणून लिव्हरपूलच्या लोकांनी ते नाव आपल्या उतरणीला दिलं. एके काळी त्या कॉपवर पंचवीस हजारांहून जास्त माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत. खुर्ची नाही, बाक नाही. पण तिकीट स्वस्त, आणि गरिबाला आपल्या मंडळींत उभं राहण्याचा आनंद.

आता दुःखाची गोष्ट सांगायची आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूलचा सामना शेफील्ड शहरात हिल्सबरो मैदानावर होता. उभ्या प्रेक्षकांच्या कोंडवाड्यासारख्या जाळीबंद भागात पोलिसांनी प्रमाणाबाहेर गर्दी सोडली. पुढं लोखंडी जाळी, मागून माणसांचा लोंढा. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. या दुर्घटनेचे बळी ९७ झाले. कित्येक वर्षं दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. मृतांचे आईबाप, भावंडं सत्तावीस वर्षं झगडली. शेवटी २०१६ साली पंचांनी निर्वाळा दिला, की प्रेक्षकांचा काही दोष नव्हता.

त्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली अहवाल दिला. मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्ची द्या, असं त्यांनी सांगितलं. त्याचबरोबर तिकीट साध्या माणसाच्या आवाक्यात राहावं, असंही सांगितलं. ग्लासगो शहरातल्या एका मैदानाचं उदाहरण त्यांनी दिलं. तिथं बसण्याची जागा ६ पौंडांना मिळे आणि उभ्याची ४ पौंडांना. म्हणजे खुर्ची आली म्हणून तिकीट भरमसाट वाढलंच पाहिजे असं नाही. पण झालं काय? खुर्च्यांचा सल्ला मानला आणि स्वस्ताईचा विसरला. कॉपवर १९९४ साली खुर्च्या आल्या. जागा उरल्या बारा हजारांच्या आसपास. जीव सुरक्षित झाला, हे फार चांगलं झालं. पण दर वर्षागणिक चढत गेला.

माणसं जास्त आणि जागा कमी. अशा वेळी मालक दोन गोष्टी करतो. दर वाढवतो, नाही तर मैदान वाढवतो. इथं दोन्ही झालं.

मैदान वाढवायचं तर जागा पाहिजे. अॅनफिल्डच्या भोवती कामकऱ्यांची लहान घरं होती, ओळीनं, एकमेकांना खेटून. क्लबनं त्यांतली काही विकत घेतली. बरीच घरं वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. दारं-खिडक्या फळ्या मारून बंद. जे शेजारी मागं राहिले त्यांना त्या ओसाड गल्लीत दिवस काढावे लागले. पुढं नगरपालिका मध्ये पडली, उरलेली घरं घेतली गेली, पाडली गेली आणि रस्ता मोकळा झाला. प्रगतीचा रस्ता कोणाच्या तरी उंबऱ्यावरून जातो, हे आपल्याकडच्या धरणग्रस्तांना सांगायला नको.

मग क्लबनं मुख्य बाजूची इमारत तीन मजली उंच केली. खर्च दहा कोटी पौंडांहून अधिक. सुमारे साडेआठ हजार जागा वाढल्या. मैदानात ४५ हजार माणसं बसत, तिथं ५४ हजार बसू लागली. पण नव्या जागांतल्या पुष्कळशा बड्या पाहुण्यांसाठी होत्या. जेवणखाण, सरबराई आणि त्याप्रमाणे दर.

ही इमारत उभी राहत असतानाच, २०१६ सालच्या फेब्रुवारीत, क्लबनं पुढच्या हंगामाचे दर जाहीर केले. सगळ्यांत महाग तिकीट आतापर्यंत ५९ पौंड होतं. ते ७७ पौंड होणार! त्या वेळच्या भावानं ७७ पौंड म्हणजे साडेसात हजार रुपयांच्या आसपास.

आता पाटी घ्या. हिशेब करू. त्या वेळी इंग्लंडात मोठ्या माणसाची किमान मजुरी तासाला ६ पौंड ७० पेन्स होती. ७७ला ६.७०नं भागा. उत्तर साडेअकरा तास. म्हणजे दीड तासाचा खेळ बघायला साडेअकरा तास राबायचं. बाप, आई आणि एक मूल तसल्या जागी बसायला गेले तर मोठ्यांच्या दरानं २३१ पौंड. मग घरभाडं कशातून भरायचं आणि चूल कशावर पेटवायची?

न्यायाची गोष्ट म्हणून मालकांची बाजूही ऐकू. ते म्हणाले, सगळी तिकिटं महाग केली नाहीत. पुष्कळ जागांचे दर तेच ठेवलेत किंवा कमी केलेत. काही तिकिटं तर ९ पौंडांना ठेवली आहेत. हे खोटं नव्हतं. इमारतीला पैसा लागतो, चांगल्या खेळाडूला पैसा लागतो, हेही खरं.

पण प्रेक्षकांनीही वाचलं होतं, आकडेमोड केली होती. ते म्हणाले, तिथल्या वरिष्ठ साखळीनं तीन हंगामांचे सामने दूरदर्शनवर दाखवण्याचा हक्क ५०० कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला आहे. त्यातून प्रत्येक क्लबाला भरपूर वाटा मिळणार. मग आमच्या खिशात हात कशाला? आज ७७ चालून गेले तर उद्या १०० होतील. बरेच महिने क्लबशी बोलणी चालली होती, त्यांतून काही निघालं नाही.

मग त्यांनी काय केलं? दगड उचलले नाहीत, खुर्च्या मोडल्या नाहीत. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँड संघाशी सामना होता. तिकिटाचा दर ७७ पौंड, म्हणून ७७व्या मिनिटाला उठायचं ठरलं. सामना ९० मिनिटांचा. ७७वं मिनिट आलं. लिव्हरपूल दोन गोलांनी पुढं होतं. आपला संघ जिंकत असताना उठणं किती जड जातं, हे खेळ बघणाऱ्यालाच कळेल. तरी सुमारे दहा हजार माणसं उठली आणि दारातून बाहेर पडली. मागं खुर्च्या रिकाम्या. त्यानंतर संडरलँडनं दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला.

चार दिवसांनी, १० फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या मालकांचं पत्र आलं. त्यांनी माफी मागितली. ७७ पौंडांचं तिकीट रद्द झालं. सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडच राहील आणि दोन वर्षं दर वाढणार नाहीत, असं त्यांनी कळवलं. पुढच्याच महिन्यात साखळीतल्या सगळ्या क्लबांनी ठरवलं, की परगावाहून आपल्या संघामागं येणाऱ्या प्रेक्षकाकडून ३० पौंडांहून जास्त घ्यायचे नाहीत. त्यासाठी इतर शहरांतल्या प्रेक्षकांनीही बरीच वर्षं मागणी धरली होती. ती मर्यादा पुढंही चालू राहिली.

म्हणजे सगळं भलं झालं का? नाही. ५९ पौंडही गरिबाला थोडे नव्हेत. पुढं अॅनफिल्डची आणखी एक बाजू वाढवली. २०२४ साली तिथं ६१ हजारांच्या आसपास जागा झाल्या. तरी तिकीट मिळायला वाट पाहावीच लागते. २०२५ साली इंग्लंडात फुटबॉलवर देखरेख ठेवण्यासाठी कायदा झाला आणि क्लबांनी प्रेक्षकांशी विचारविनिमय करावा अशी तरतूद त्यात केली गेली. लढा एका दिवशी संपत नाही. विहीर एकदा खणली तरी गाळ दरसाल काढावाच लागतो.

जर्मनीत निराळी रीत आहे. तिथं बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे. आपल्या सहकारी सोसायटीसारखंच म्हणा ना! डॉर्टमुंड शहराच्या मैदानात ८१ हजार माणसं मावतात. त्यांतल्या सुमारे २५ हजारांना एकाच बाजूला उभं राहून, कमी पैशांत, सामना पाहता येतो. म्हणजे मैदान मोठंही होऊ शकतं आणि गरिबाचंही राहू शकतं. मात्र ठरवणाऱ्यांत गरीब असला पाहिजे.

आपल्या कोल्हापुराकडं बघा. तिथं पेठांच्या तालमी कुस्तीबरोबर फुटबॉलचे संघ चालवतात. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधलं, ते १९१२ साली खुलं झालं. मधे हौदा आणि चहूकडं चढत जाणारी उतरण. सगळ्यांत मागं बसलेल्या माणसालाही कुस्ती दिसते. ज्यानं मैदान आखलं त्याच्या मनात मागचा माणूस होता.

आता आमच्याच आयुष्यातली एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो. आम्ही एका गावी हेडमास्तर होतो. गावानं श्रमदान करून माळाचं मैदान केलं. खडक फोडला, मुरूम टाकला. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या बापानं तर आठ दिवस मजुरी बुडवून पाट्या वाहिल्या. पुढं त्या मैदानावर मोठे कबड्डीचे सामने भरले. कमिटीनं कनात लावली आणि तिकीट ठेवलं. पुढं खुर्च्या आणि गालिचा. आम्हांला फुकटचा पास आला. आम्ही पहिल्या रांगेत बसलो.

त्या मुलाचा सामना लागला. मुलगा चढाईला निघाला आणि आमचं लक्ष सहज बाजूला गेलं. कनातीच्या फटीला डोळा लावून त्याचा बाप बाहेर उभा होता. ज्या जमिनीवर मुलगा खेळत होता ती त्यानंच सपाट केली होती, आणि आत यायला त्याच्याजवळ पैसे नव्हते. आमची-त्याची नजरानजर झाली. त्यानं हात जोडून नमस्कार केला. आम्हीही केला. आणि आम्ही बसूनच राहिलो.

आम्ही मॅट्रिक झालेले. हिशेब येत होता, अर्ज लिहिता येत होता, कमिटीत ओळख होती. 'मैदान बांधणाऱ्याला तिकीट नाही' एवढी एक ओळ लिहून द्यायला हरकत नव्हती. दिली नाही. खुर्ची मऊ होती. लिव्हरपूलची दहा हजार माणसं पैसे देऊन घेतलेल्या जागेवरून उठली, हे आम्ही वाचलं तेव्हा आम्हांला ती फुकटची खुर्ची आठवली. अजूनही आठवते.

बंधुभगिनींनो, तुमच्या गावातही उद्या मैदान होईल, जत्रेत कुस्त्यांचा फड भरेल, सभागृह बांधलं जाईल. इमारत केवढी हे विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. दर किती, तो कोणी ठरवला आणि खर्चाचा हिशेब कुठं आहे, तेही विचारा. आता तुम्हांला वाचता येतं. फळ्यावर लावलेला दर वाचा, पावती वाचा, ठराव वाचा, आणि मगच अंगठ्याऐवजी सही करा. पटलं नाही तर चौघे मिळून शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर चाळीस मिळून सांगा.

आणि तुमच्यापैकी कोणाला कधी पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली, तर बसण्याआधी एकदा मागं वळून कनातीकडं बघा. बाहेर कोण उभं आहे ते पाहा आणि त्याला आत बोलवा. आमच्या हातून राहिलं ते तुमच्या हातून घडो.