शिक्का आणि मोर्तब
(ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने आम्हांस ‘व्यापारातील सुरक्षितता’ हा विषय नेमून दिला, तेव्हा मंडळाच्या मनात तिजोरी, विमा, उधारीच्या वह्या असे काही असावे. मंडळाच्या अनुज्ञेने आम्ही तो विषय पुष्कळच आखूड केला आहे. आपल्यापैकी कित्येकांची गिऱ्हाइके आज दुकानाची पायरी न चढता व्हॉट्सॲप बिझनेसवरून मागणी नोंदवितात. त्या खात्याला सहा आकडी पिन लावावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, प्राथमिक शाळेत हयात घालविलेले; यंत्रविद्येतील जाणते नव्हे. परंतु पाढे शिकविणाऱ्यास जेवढे कळते, तेवढ्यावर ही गोष्ट पुरती समजते.

हे व्यापारी ॲप आपल्या देशात जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यातील खात्याची ओळख म्हणजे केवळ आपला दूरध्वनी क्रमांक. दुसऱ्या कोणी आपल्या यंत्रात तुमचा क्रमांक टाकला, की कंपनी तुमच्या फोनवर सहा आकडी संकेतांक धाडते. तो त्याच्या हाती गेला, की खाते त्याच्या यंत्रावर उघडते आणि तुमच्या यंत्रावर बंद होते. आता विचार करा, दुकानाचा क्रमांक तर आपण पाटीवर, पिशवीवर, लग्नपत्रिकेच्या जाहिरातीतही छापतो. म्हणजे चोराला निम्मा पत्ता आपण होऊनच दिलेला आहे. उरतो तो फक्त संकेतांक.

गतवर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या परिचयातील एका भगिनीवर हाच प्रसंग गुदरला. यजमान निवर्तल्यावर भाजणी, चकल्या, अनारशाचे पीठ यांवर त्यांनी संसार उभा केला आहे. कोणा गोड बोलणाऱ्याने फोन करून सांगितले, की आपली मोठी मागणी नोंदवून घेत आहोत, आपल्या फोनवर आलेला सहा आकडी क्रमांक तेवढा वाचून दाखवावा. हातात झारा, कढईत तेल तापलेले. त्यांनी तो वाचून दाखविला. तासाभरात त्यांच्या नावाने गिऱ्हाइकांस निरोप गेले, की माल अडकला आहे, आगाऊ रक्कम तातडीने या खात्यावर पाठवावी. कित्येकांनी पाठविली. कारण मजकूर त्यांच्या क्रमांकावरून आलेला, आणि त्यांचा शब्द आजवर कधी खाली पडलेला नव्हता. चोराने पैसा नेला हे खरेच, परंतु त्याने वापरले ते भांडवल म्हणजे बारा वर्षांची पत. त्या बाईंनी ज्यांचे पैसे बुडाले त्या सर्वांना ठरलेला फराळ पदरमोड करून पोहोचता केला, आणि त्या दिवाळीची सारी प्राप्ती त्यात गेली. कायद्याने त्या बांधलेल्या नव्हत्या, असे आम्हीच त्यांना म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, “गुरुजी, गिऱ्हाईक कायदा बघून परत येत नाही.”

खाते मात्र त्यांना त्याच सायंकाळी परत मिळाले. त्यांच्या भाच्याने ॲपमध्ये पुन्हा तोच क्रमांक नोंदवून नवा संकेतांक भरला, त्यासरशी चोर आपोआप बाहेर पडला. यात दैवाचा भाग असा, की चोराने स्वतःचा पिन लावून ठेवला नव्हता. तो लावला असता, तर संकेतांक भरल्यावर तो बाहेर पडला असताच; परंतु पिन ठाऊक नसल्यामुळे बाईंना स्वतःच्या दारात सात दिवस तिष्ठत राहावे लागले असते. आमच्या मते पिन लावण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. कडी मोकळी ठेवली, तर तीत कुलूप चोरही घालू शकतो.

जुन्या मराठी राजपत्रांची रीत आपणांस ठाऊक असेल. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपताच खाली मोर्तब. वरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगे. खालच्या मोर्तबामुळे त्यापुढे कोणास अक्षर वाढविता येत नसे. दोन्ही असल्याखेरीज कागद पुरता होत नसे, म्हणून तर शिक्कामोर्तब हा शब्द जोडीने आला. कंपनीकडून येणारा संकेतांक हा शिक्का. तो दर खेपेस नवा असतो. पिन हे मोर्तब. ते आपण स्वतः ठरवावयाचे आणि आपल्यापाशीच ठेवावयाचे. दोहोंचेही आकडे सहाच असल्यामुळे मंडळी गोंधळतात, पण पहिला बाहेरून येतो व दुसरा आपल्या मनातून, एवढी खूण पुरे आहे. दोहोंपैकी कोणताही कोणास सांगावयाचा नाही. ॲप उघडल्यावर अधूनमधून पिन विचारला जातो, तो आपल्या विस्मरणावर उपाय म्हणून. तेथे भरण्यास हरकत नाही. फोनवर बोलून तो मागणारा मात्र निःसंशय लबाड समजावा.

सहा आकड्यांवरून आठवले. आपल्या टपालाचा पिनकोडही सहा आकडीच. तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांनी योजिला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आला. अभिमान अवश्य बाळगावा. परंतु पाटीवरचा पिनकोड खात्याला लावू नये. सहा आकड्यांच्या दहा लक्ष जोड्या होतात, आणि आमचे बंधू त्यांतून नेमके एक ते सहा, मुलाची जन्मतारीख किंवा गाडीचा क्रमांक निवडतात! शाळेतही मुले बेरीज न करता शेजाऱ्याची पाटी पाहात, त्यातलाच हा प्रकार.

पिन लावण्यास दोन मिनिटे लागतात. ॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तेथे पिन दोनदा भरावा. पुढे ईमेल विचारतात, ते पुष्कळ लोक टाळतात, टाळू नये. पिन विसरल्यास ईमेलवरून तो बदलता येतो. ईमेल नसेल तर सात दिवस थांबणे आले. भाऊबीजेच्या आठवड्यात सात दिवस म्हणजे काय, हे दुकानदारांस आम्ही सांगावे असे नाही. ईमेल आपल्याला उघडता येणारे असावे, पुण्याच्या पुतण्याचे नव्हे.

आता नाजूक गोष्ट. आपली दुकाने बहुधा एकत्र कुटुंबाची आहेत. क्रमांक वडिलांच्या नावावर, फोन थोरल्याच्या हाती, निरोप लिहितो दुकानातला पोऱ्या. मग पिन कोणाजवळ असावा? आमचे मत असे, की तो घरातल्या दोघांना ठाऊक असावा, नोकरास नसावा, आणि कागदावर लिहून तिजोरीत दस्तऐवजांबरोबर ठेवावा. पोऱ्या प्रामाणिक असेल; पण त्याच्यावर कधी आळ येऊ नये, म्हणूनही हे बरे. तसेच वडील गेल्यावर सिमकार्ड त्यांच्याच नावावर वर्षानुवर्षे ठेवू नये. रीतसर अर्ज करून वारसाच्या नावे करून घ्यावे. भावाभावांच्या वाटणीत भांड्यांची यादी होते, पण ज्या क्रमांकावर गिऱ्हाईक येते तो कोणाचा, हे कोणी लिहीत नाही. पुढे त्यावरूनच बोलणी बंद होतात.

पिनने सर्व चोरवाटा बुजतात असे मात्र नाही. कोणी तारांकित आकडे दाबावयास सांगून आपले फोन आपल्याकडे वळवून घेत. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ती सोय स्थगित ठेवण्याचे आदेश दिले. त्या लबाडीपुढे पिन आडवा येतो. परंतु कोणी युक्तीने आपले संगणकयंत्र तुमच्या खात्याला जोडून घेतले, तर तेथे पिन विचारलाच जात नाही. म्हणून लिंक्ड डिव्हाइसेसची यादी आठवड्यातून एकदा पाहावी आणि अनोळखी यंत्र दिसताच काढून टाकावे. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडविणे कठीण.

व्याख्यान संपले. भोजनास अद्याप अर्धा तास अवकाश आहे. बाहेरच्या ओसरीवर विद्यार्थी शाखेचे दोन तरुण बसले आहेत. ते प्रत्येकास जागा दाखवून देतील. पिन भरताना तोंड भिंतीकडे करण्याची सूचना आम्ही त्यांना दिली आहे. भगिनींसाठी पलीकडच्या दालनात वेगळी व्यवस्था आहे, आणि तेथे दाखविण्यास त्याच फराळवाल्या बाई आपण होऊन आल्या आहेत.