किक जागची हलत नाही तेव्हा

मागच्या बुधवारी आपण गटाच्या वहीत हप्ते कसे मांडायचे ते बोललो. आजचा विषय मोटारसायकल. हसू नका. आमच्या ग्रामसंघात आता सात जणी गाडी चालवतात, पण गाडी अडली की सातही जणी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून कुणा भाऊरायाची वाट बघायच्या. मीही त्यातलीच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एक ताई, मालक वारल्यावर त्यांची शंभर सीसीची जुनी गाडी चालवायला शिकल्या. रोज सकाळी दोन कॅन दूध डेअरीवर घालतात. म्हशीचं कर्ज गटाचं, हप्ता दुधाच्या पैशातून. त्या दिवशी ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. ताईंनी गाडी घातली आणि मधोमध ती बंद पडली. ढकलून अलीकडे काढली, किक मारायला गेल्या तर किक खाली जाईचना. सेल्फ मारला तर नुसतं 'टक'. फोनवर एका मिस्त्रीनं न बघताच सांगितलं, "इंजिन जाम झालंय, उघडावं लागेल, दहा हजार धरा." बरोबरचा पुतण्या म्हणतो, "काकू, किकवर उभ्या राहून जोर मारा." ताईंनी मला फोन केला. मी म्हटलं, किकला कुणी पाय लावू नका, मी आले. दूध तेवढं टेम्पोनं पुढं पाठवा.

आता नीट ऐका. इंजिन फिरतं पण पेट घेत नाही, ही एक तक्रार. त्यात पेट्रोल, ठिणगी, चोक हे बघायचं. इंजिन फिरतच नाही, ही दुसरी. आज आपण दुसरीच बघतोय. मिस्त्रीला फोन करताना एवढं जरी नीट सांगितलं तरी निम्मं काम होतं.

सेल्फ मारल्यावर काहीच होत नसेल, तर आधी साध्या गोष्टी. हँडलवरचं लाल बटण बंद आहे का? गाडी न्यूट्रलला आहे का? क्लच दाबून बघितला का? नव्या गाड्यांना बाजूचा स्टँड खाली असला तरी इंजिन चालू होत नाही. मग हॉर्न वाजवा. हॉर्न रडल्यासारखा वाजला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या वायरी सैल आहेत. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार धरतो, तो ओल्या फडक्यानं पुसायचा, मग टोकं कोरडी करून घट्ट आवळायची. वायर काढायचीच असेल तर आधी वजा चिन्हाची काढायची, लावताना ती शेवटी. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालायचा. तांब्याची तार गुंडाळू नका, वायरिंग जळतं.

हॉर्न खणखणीत वाजतो, सेल्फ 'टक' करून थांबतो, तर किक मारून बघायची. किकनं इंजिन सहज फिरलं तर इंजिन चांगलं आहे, दोष सेल्फच्या बाजूला. किक मारून घरी जायचं आणि सवडीनं दाखवायचं.

पण किकही हलत नसेल, तर खरी परीक्षा. चावी बंद करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रलला मागचं चाक हातानं फिरतं का बघा. नाही तर ब्रेक धरलेला असायचा आणि आपण इंजिनाला दोष द्यायचो. चाक मोकळं असेल तर वरचा गिअर टाका, तिसरा किंवा चौथा, आणि चाक पुढं फिरवायचा प्रयत्न करा. थोडं जड जाऊन इंजिनासकट फिरलं तर इंजिन मोकळं आहे, अडकलंय ते किकचं दातं. चाक फिरतच नसेल तर अडचण इंजिनाच्या पोटात.

ताईंच्या गाडीचं चाक तसूभर हललं नाही. पुतण्या म्हणाला, "बघा, गेलं इंजिन." मी म्हटलं, अजून एक काम राहिलंय.

सायकलला हवा भरायचा पंप आठवा. आत हवा असेल तर दांडा दाबता येतो. आत पाणी भरून तोंड बंद केलं तर? कितीही दाबा, दांडा खाली जात नाही. पाणी दाबलं जात नाही. इंजिनात पिस्टन असाच वरखाली होतो. ओढ्यात एअर फिल्टरमधून पाणी आत ओढलं गेलं की पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचतं. अशा वेळी किकवर उभं राहून जोर मारला तर पिस्टनची दांडी वाकू शकते. तेव्हा मात्र दहा हजार खरेच लागले असते.

गाडीबरोबरच्या हत्यारांत प्लगचा पाना असतो. प्लगच्या भोवतीचा चिखल पुसला, टोपी ओढून काढली, प्लग खोलला. इंजिन तापलेलं असेल तर आधी निवू द्या. मग चेहरा बाजूला ठेवून, चावी बंदच ठेवून, न्यूट्रलला हातानं किक सावकाश दाबली. भोकातून पिचकारी उडाली, पाणी आणि पेट्रोल मिसळलेलं. आठ-दहा वेळा दाबलं तशी किक लोण्यासारखी जायला लागली. जवळ कुणी विडी ओढत असेल तर त्याला आधी लांब पाठवा, पेट्रोलची वाफ असते.

ताई लगेच प्लग लावून निघायला बघत होत्या. थांबवलं. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. पाणी मिसळलेलं ऑइल वंगण करत नाही, त्यावर गाडी चालवली तर संध्याकाळपर्यंत इंजिन खरंच जाम होईल. गाडी दोरी न लावता टेम्पोत घालून दुसऱ्या गॅरेजला नेली. त्यांनी एअर फिल्टर बदलला, ऑइल काढून नवं घातलं, थोडं चालवून पुन्हा बदललं. अकराशे रुपये झाले. तिसऱ्या दिवशी दूध पुन्हा गाडीवर.

प्लग काढूनही किक हलली नाही तर? तर पाणी नाही, धातू धातूला चिकटलाय. हे मला माहीत आहे, कारण माझ्या गाडीचं तसं झालं. वर्षभर मी ऑइलची पट्टी उघडून बघितली नव्हती. प्रत्येक गटाची वही तपासणारी बाई मी! उन्हाळ्यात दुपारी चढावर गाडी 'किर्र' करून थांबली. निवल्यावर थोडी सुटली, म्हणून मी मूर्खासारखी पुन्हा चालवली. सिलेंडर, पिस्टन, सगळं मिळून नऊ हजार. नवऱ्याला महिनाभर खरा आकडा सांगितला नव्हता, आज रेडिओवरून कळेल.

पट्टी बघायची ती इंजिन बंद करून, दोन-चार मिनिटं थांबून, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घेऊन. पुसून, आत घालून, पुन्हा काढायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बऱ्याच गाड्यांत पट्टी आटे न पिळता नुसती टेकवून बघतात. आपल्या गाडीचं कसं, ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

पुढच्या मासिक बैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन या आणि प्लगचा पाना आहे का ते सीटखाली आजच बघून ठेवा. जुनी गाडी घेतलेल्या तिघींकडे तो नाहीच, हे मी तपासलंय.