रापलेला चेहरा



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्यापाशी याच वास्तूत मी व्याकरण शिकलो. पुढे वाङ्मयाचा प्राध्यापक झालो. तेव्हा आज मी संतकाव्यावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. मी बोलणार आहे उन्हाविषयी आणि कातडीविषयी. वैद्यकशास्त्रात मला अधिकार नाही. जो आहे तो रुग्णाचा.

आपल्या भाषेने उन्हाचे लाड पुष्कळ केले. सकाळचे ते कोवळे, दुपारचे टळटळीत, माळावरचे रणरणते. संध्याकाळी उन्हे उतरतात. वडीलधाऱ्याला आपला अनुभव ठासून सांगायचा असला की तो म्हणतो, ‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.’ त्वचेवर उन्हाचा जो परिणाम होतो, त्यासाठी मात्र आपण ‘रापणे’ हे क्रियापद योजिले आणि त्याला प्रशस्तीचा अर्थ चिकटवला. कथेत शेतकरी आला की त्याचा चेहरा रापलेला असायचाच. वर्गात अशा वाक्यांचे मी वर्षानुवर्षे कौतुक केले. रापणे म्हणजे त्वचेने इजेला दिलेले उत्तर आहे, हे मला साठी उलटल्यावर कळले.

ते सांगितले प्रथम आमच्या न्हाव्याने. नाकाच्या उजव्या बाजूला मसुराएवढी एक चकाकती गाठ आली होती. तिच्यावर खपली धरे, पडे, थोडे रक्त येई. दाढी करताना तो म्हणाला, ‘सर, दिवाळीतही ही खपली होतीच की.’ मी हळद लावली, तूप लावले. एका डॉक्टरांनी इसब समजून सात-आठ महिने मलम दिले. अखेर इंदूरला तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान झाले: बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचा कर्करोग. हा प्रकार सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत जातो. जागा बधिर करून तो काढला. चार टाके पडले. शल्यचिकित्सकांनी विचारले, ‘उन्हात किती वावर होता?’ मी म्हणालो, ‘बत्तीस वर्षे सायकलवरून कॉलेज. डोक्यावर काही नाही.’ आमच्या पिढीने टोपी-पागोटे जुनाट म्हणून टाकले होते ना! अर्थात बिनकाठाच्या टोपीने नाक-कान झाकलेही नसते.

आपले बुऱ्हाणपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.३ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा मध्यान्ही सूर्य थेट आपल्या माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. एकदा मेच्या अखेरच्या आठवड्यात, पुन्हा जुलैच्या मध्यास. पहिल्या वेळी सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो. तोच आपला नवतपा. त्या दिवसांत कांदा खिशात ठेवणारी माणसे जुलैत निर्धास्त असतात. पण जी किरणे त्वचेला जाळतात ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला ऊनही लागत नाहीत. नीलातीत किरणे ती. पातळ ढगांतून ती बरीचशी खाली येतात. त्यांतला लांब लहरींचा भाग तर खिडकीच्या काचेतूनही आत येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ साली सूर्याच्या प्रारणाला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून मान्यता दिली.

आपण सावळे, आपल्याला काय होणार, असे पुष्कळांना वाटते. त्यात तथ्य आहेच. मेलॅनिन हे रंगद्रव्य उत्तम ढाल आहे, आणि ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या लोकांच्या मानाने हा रोग आपल्याकडे फारच थोडा. पण दुर्मीळ म्हणूनच तो ओळखला जात नाही. गालांवरचे वांग, अकाली सुरकुत्या, डोळ्यांतला मोतीबिंदू यांनाही ऊन हातभार लावते. आणि ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, अशांपाशी ही ढालच नसते. असे एखादे मूल आपल्या शाळेतही असेल. कवायतीच्या तासाला त्याला मैदानावर उभे करणे ही शिस्त नव्हे. त्याच्यासाठी ऊन हा आयुष्यमानाचा प्रश्न आहे.

उपाय काय? इथे मला आपल्याच गावाकडे पाहावेसे वाटते. आपले शेतकरी केळीचा घड करपू नये म्हणून त्याला पाने वा पिशवी बांधतात. बागेच्या कडेने शेवरी लावतात. घड झाकणारा माणूस मात्र बनियनवर असतो! सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने इथल्या तलम, पारदर्शक कापडाची वाखाणणी केली. ते दूर इराण-तुर्कस्तानपर्यंत जाई. उन्हासाठी ते निरुपयोगी. दाट विणीचे, गडद रंगाचे, कोरडे सुती कापड अधिक किरणे अडवते. घामाने भिजले की त्याची ताकद उतरते. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी हा गरिबाला परवडणारा उपाय आहे.

जे उघडे राहते, त्यासाठी सनस्क्रीन. जाहिरातींनी ते गोरेपणाच्या बाटलीशेजारी मांडले, म्हणून पुरुष त्याला नटवेपणा समजतात. हा अन्याय आहे. ऑस्ट्रेलियात नॅम्बोर या गावी १९९२ पासून १९९६ पर्यंत १,६२१ लोकांवर प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत स्क्वेमस सेल या प्रकारचा कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मला झालेल्या प्रकारात तसा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. एसपीएफ १५ असलेले मलम त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवते, ३० असलेले सुमारे ९७. पण ते पुरेसे लावले तर! चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लागते, आणि दर दोन तासांनी पुन्हा. आम्ही वाटाण्याएवढे लावून दिवसभर निश्चिंत असतो. कान तर सारेच विसरतात.

मुख्याध्यापकांना दोन विनंत्या. कवायत सकाळी आठच्या आत व्हावी. आणि स्नेहसंमेलनाचा मंडप पाहुण्यांच्या खुर्च्यांवर असतो, तो मुलांच्या रांगांवरही पडावा. माजी विद्यार्थी मंडळाने वर्गणी काढावी. पहिली रक्कम माझी.

गुरुजी भर चैत्रात काळी छत्री घेऊन शाळेत येत. ‘पाऊस कुठे आहे, गुरुजी?’ म्हणून आम्ही त्यांच्यामागे ओरडायचो. ते मागे वळून पाहत नसत. गेली सहा वर्षे मीही छत्री वापरतो. आज फाटकातून येताना सातवी-आठवीची दोन मुले माझ्याकडे बोट दाखवून हसली. त्यांची नावे मी विचारली नाहीत.