भाकरीची मजुरी



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, राजकारण असे विषय होत आले आहेत. त्यांच्या पंगतीत भाकरी कोठे बसवायची, असे कोणी म्हणेल. माझे शिकणे शाळेत थोडे आणि कामगारवस्तीत फार झाले. इतकी वर्षे मी मजुरीचे हिशेब मांडत आलो, आणि त्या हिशेबात पहिली रकम भाकरीचीच असते. म्हणून घरी भाकरी करणे या कामाचाच हिशेब आज आपणांपुढे ठेवतो.

आमच्याकडे, मुरबाड तालुक्यात धसईच्या बाजूस, भाकरी तांदळाची. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली पिकते, तेव्हा ठाकर-कातकऱ्यांच्या पाड्यांवर नागलीची. गव्हाच्या पिठात अंगचाच चिकटपणा असतो, तो पोळी धरून ठेवतो. तांदळात तो नाही. म्हणून उकड काढावी लागते. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळून आणायचे. पिठाच्या मापाइतके पाणी मिठाचा खडा घालून उकळायचे, त्यात पीठ सोडून ढवळायचे आणि झाकण ठेवायचे. ऊन पाण्याने पिठातले सत्त्व फुगते आणि तेच चिकट होते. परंतु हे पीठ निवाल्यावर मळले तर भाकरीच्या कडा फाटतात. ते गरम असतानाच, हात गार पाण्यात बुडवून, तळहाताच्या मुळाने रगडावे लागते. नव्या तांदळाचे पीठ पाणी कमी पिते, जुन्याचे अधिक. हे माप कोणत्याही पुस्तकात नाही, बाईच्या बोटांत आहे.

मग परातीत थापणे. हाताखाली भाकरी फिरत राहिली पाहिजे, मध्ये जाड नको, कडेला पातळ नको. तव्यावर टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. क्षणभर उशीर झाला तर तिला भेगा पडतात. शेवटी निखाऱ्यावर उभी करून शेकली की ती फुगते. आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे, तरी पाड्यांवर चूल गेलेली नाही. कारखान्यात अशा कामाला आम्ही कुशल कामगाराची श्रेणी मागतो. दोन वर्षे उमेदवारी केलेल्या जुळाऱ्याच्या हातात जे असते, तेच येथे आहे. फक्त येथे उमेदवारी आठव्या वर्षी सुरू होते आणि तिचा दाखला मिळत नाही.

पाण्याचेही सांगतो. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबई पिते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. उकडीचे आधण चुलीवर चढते ते त्या हंड्यातून.

आता मजुरीकडे येऊ. १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने किमान वेतनाचे सूत्र ठरवले. चळवळीत ते आम्ही मोठे मोलाचे मानतो, आणि ते आहेही. एका मिळवत्याच्या मागे तीन घटकांचे कुटुंब धरायचे, अन्न डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने, कापड वर्षाला ७२ वार, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळीसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. तीन घटकांची फोड अशी करतात: पुरुष एक, बायको आठ दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा दशांश. धान्य मोजले, सरपण मोजले. धान्य आणि सरपण यांची भाकरी करणारे हात मात्र कोठेच मोजले नाहीत. उलट त्या हातांच्या धनिणीचे पोट दोन दशांशांनी लहान धरले. पहाटे चारला उठून पहिल्या पाळीचा डबा ती भरते, म्हणून गडी सातला यंत्रापुढे उभा राहतो. मालकाला हा तास फुकट मिळतो, आणि गड्यालाही.

केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकामात भाग घेणाऱ्या बायका शंभरांत ८१ आढळल्या, पुरुष २६. काम करणाऱ्यांतही बायकांचा वेळ दिवसाला २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. आमच्या धसईचे नाव डिसेंबर २०१६ मध्ये वर्तमानपत्रांत गाजले, राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून. वाण्याकडे तांदूळ घेतला तरी यंत्रावर नोंद उठू लागली. त्या तांदळाची पुढे भाकरी होते, तिची नोंद ठेवणारे यंत्र अजून निघायचे आहे.

या कामाला किंमतच लावता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी गिरणगाव दाखवतो. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणीकामगार महिना ठरवून बायांच्या खानावळीत जेवत. त्या बाया आपल्या खोलीतच चूल पेटवीत, सावकाराच्या व्याजात बुडत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. हात तेच, पीठ तेच, परात तीच. जेवणारा परका होता म्हणून भाकरीला दाम होता. नवरा जेवला की दाम नाहीसा.

न्यायालयानेही किंमत लावली आहे. जमशेदपूरला १९८९ साली मोठी आग लागली. तिच्यात दगावलेल्या गृहिणींच्या भरपाईचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली केला. त्यात चौतीस ते एकोणसाठ वयाच्या गृहिणीची घरातली सेवा महिना तीन हजार रुपयांची धरली. ही रक्कम लहान की मोठी, हा वाद बाजूला ठेवा. बाई जिवंत असताना जी रकम कोणाच्या वहीत नव्हती, ती तिच्या मरणानंतर मिळाली.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. वेतनाच्या सूत्रात बाईचा घटक पुरा एक धरावा. १९४८ च्या कारखाने कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह सांगितले होते. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली, कंत्राटी कामगार धरून. तेथे चहा-बिस्किटावर भागवू नये, पुरे जेवण मिळावे, आणि ते रांधणाऱ्या बायांना कुशल कामगाराचा दर मिळावा. या दोन गोष्टी आपण संघटनांच्या बैठकींत मांडून घ्या. तिसरी बैठकीशिवाय होण्यासारखी आहे. सभेला आलेल्या पुरुषांनी उद्या सकाळी परात पुढे ओढावी. उकड हाताला चटका देते, गार पाण्याचे भांडे डावीकडे ठेवा.