खुंट आणि फळ
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील सत्काराच्या वेळी केलेले भाषण)



सरांनी हयातभर एम.एस्सी.च्या मुलांना शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी नाही, शेजारी आहे. तोंडावर स्तुती केलेली सरांना चालत नाही, म्हणून त्यांच्याच जातकुळीच्या एका प्राध्यापकांविषयी बोलतो. विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे डॉ. जयंत नारळीकरांचे वडील.

१९०८ साली कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला नाव काढलं आणि १९३२ मध्ये पंडित मालवीयांच्या बोलावण्यावरून ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवायला गेले. वय जेमतेम २४!

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा गुजराती तरुण त्यांच्याकडे संशोधनासाठी आला. सोबत पत्नी, लहान मुलगी आणि गाठीला थोडी बचत. तेवढ्यावर दहा महिने काढले. प्रश्न असा होता : तारा प्रकाश टाकतो, म्हणजे त्याचं वस्तुमान घटतं. मग त्याच्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण आइन्स्टाइनच्या समीकरणांत कसं मांडायचं? वैद्यांना उत्तर सापडलं. १९४३ साली 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आलं, एकट्या वैद्यांच्या नावानं. गुरूंनी आपलं नाव त्यात घातलं नाही. पुढं १९६३ मध्ये क्वेसारांचा शोध लागला, तेव्हा त्या उत्तराची खरी किंमत जगाला कळली. वीस वर्षं लागली.

आपण काटोलची माणसं. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. मूळ जंबेरीचं, पण बाजारात नाव संत्र्याचंच होतं. पदव्युत्तर वर्गाचा शिक्षक असाच खुंट असतो. आपल्या संत्र्याला निदान पाचव्या वर्षी बहार धरता येतो. या शिक्षकाला किती थांबावं लागेल, ते सांगता येत नाही.

आपल्याच सोसायटीतली मुलं एम.एस्सी. करतात आणि संशोधन करायचं म्हणतात, तेव्हा आपण पहिलं काय विचारतो? "पगार कधी सुरू होईल?" प्रश्न चुकीचा नाही, घर चालवावंच लागतं. पण तो पहिला नसावा. "विषय कोणता आणि गुरू कोण?" हे आधी विचारू या. पैशाचं मग बसून बघू.

शेवटी एक विनंती. बनारसला नारळीकरांच्या घरात मुलांसाठी फळे होते. मामा त्यावर अवघड गणित लिहून ठेवायचे आणि लहानगा जयंत ते सुटेपर्यंत झटायचा. सरांना आपण शाल-श्रीफळ दिलंच, पण महोत्सवाच्या शिलकीतून खालच्या हॉलमध्ये एक मोठा फळाही लावू या. रविवारी सर त्यावर एक प्रश्न लिहितील. उत्तर मात्र मुलांनीच लिहायचं, आणि खाली नावही त्यांचंच.

सर, हो म्हणा. खडूचा खर्च माझ्याकडे!